अकरावीला गणित सोडण्याआधी थोडं थांबा

दहावीचा निकाल लागला की घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. मामू म्हणतात, "सायन्स झेपणार नाही, कॉमर्सला टाका." खाला म्हणते, "पोरगी आहे, घराजवळचं कॉलेज बघा, सोपे विषय घ्या, टक्के चांगले पडतील." सल्ला मायेपोटीच असतो. पण अकरावीच्या प्रवेशावेळी आपण जो विषय सहज सोडून देतो, त्याची किंमत दोन वर्षांनी कळते. बारावीला ८५ टक्के मिळूनही काही कोर्सना अर्जच करता येत नाही, कारण लागणारा विषय मुलाने घेतलेलाच नसतो.

टक्के वेगळे, पात्रता वेगळी

दहावीला आपल्या राज्य मंडळात 'बेस्ट ऑफ फाइव्ह' असतं. सहापैकी पाच विषयांचे गुण धरतात, त्यामुळे एखादा कच्चा विषय झाकला जातो. बारावीनंतर तसं चालत नाही. तिथे आधी विचारतात, कोणते विषय शिकलात? टक्क्यांचा प्रश्न त्यानंतर येतो.

कॉमर्सचंच घ्या. अकरावीला बऱ्याच कॉलेजांत एसपी, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, किंवा गणित असा पर्याय असतो. एसपी सोपा म्हणून बहुतेक जण तोच घेतात. एसपी वाईट विषय नाही. पण दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचं असेल तर सीयूईटीत गणिताचा पेपर द्यावा लागतो, आणि बारावीत शिकलेल्या विषयांचेच पेपर तिथे धरतात. गणित नसेल तर ते दार तिथेच बंद.

सीएची फाउंडेशन परीक्षा कोणत्याही शाखेतून देता येते. पण तिच्या चार पेपरांपैकी एक, पूर्ण १०० गुणांचा, गणित, संख्याशास्त्र आणि लॉजिकल रीझनिंगवर असतो. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. दोन वर्षं गणिताला हात न लावलेलं मूल इथे अडकतं.

सायन्समध्ये काय होतं?

इंजिनिअरिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित. एमबीबीएस, बीडीएससाठी गणिताऐवजी बायोलॉजी. बी.फार्मसीला दोन्ही ग्रुप चालतात. अजून नक्की ठरलं नसेल आणि मुलाची तयारी असेल, तर गणित आणि बायोलॉजी दोन्ही ठेवावेत. विषय नंतर सोडणं सोपं, मधेच नव्याने घेणं अवघड.

एनडीएची परीक्षा २०२१ पासून मुलींनाही देता येते. लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते; नौदल आणि हवाई दलासाठी मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतंच. शिवाय लेखी परीक्षेच्या ९०० पैकी ३०० गुण गणिताचे आहेत.

अकरावी म्हणजे आराम नव्हे

'अकरावी एन्जॉय करायची, अभ्यास बारावीला' असं मुलं सर्रास म्हणतात. महाराष्ट्राच्या सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. नीट आणि जेईईत तर दोन्ही वर्षांचा अभ्यास विचारतात. अकरावी कच्ची राहिली की बारावीचे धडे डोक्यावरून जातात. परदेशी शिकायला पाठवायचा विचार असेल तर हेही ध्यानात ठेवा : अमेरिकेतली विद्यापीठं नववीपासूनच्या चारही वर्षांचे गुण आणि विषय पाहतात.

उर्दू आणि मराठी माध्यमाची मुलं

आपल्या बऱ्याच मुलांची खरी अडचण विषयाची नसते, भाषेची असते. दहावीपर्यंत 'मुसल्लस' किंवा 'त्रिकोण' म्हणणाऱ्या मुलासमोर अकरावीत अचानक 'ट्रँगल' येतो. प्रमेय तेच, शब्द नवे. पहिल्या चाचणीत गुण कमी पडले की आपण लगेच म्हणतो, "याला जमत नाही." जरा सबुरीने घ्या. दहावीनंतरच्या सुट्टीतच इंग्रजी शब्दांची वही करायला लावा, समोर आपल्या भाषेतला शब्द लिहू द्या. मोहल्ल्यात एखादी बाजी किंवा भाई सायन्स शिकून गेले असतील तर त्यांना आठवड्यातून दोन तास मागा.

मग सगळ्यांनी गणित घ्यायचं का?

नाही. ज्याला इतिहास, भाषा, समाजशास्त्र मनापासून आवडतं, त्याने आर्ट्स घ्यावं आणि तिथेही मेहनतीने शिकावं. लोक काय म्हणतील म्हणून सायन्सला ढकललेलं मूल खचतं. पण आवडत नाही म्हणून सोडणं आणि भीती वाटते म्हणून सोडणं यात फरक आहे. तो फरक अम्मी-अब्बांनी मुलाशी शांतपणे बसून ओळखायचा असतो.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा : गणिताचे शिक्षक कायम आहेत का? तास खरंच होतात का? प्रॅक्टिकल घेतात का? 'हजेरीची काळजी करू नका' असं सांगणाऱ्या कॉलेजची खरं तर काळजीच करायला हवी. आणि ज्या कोर्सचं स्वप्न आहे, त्याच्या माहितीपत्रकातली पात्रता आजच वाचा, दोन वर्षांनी नाही.

फीचं ओझं मोठं आहे, पण त्यावर काही वाटा आहेत. २०२४-२५ पासून राज्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. फीसाठी सवलत मागता येते. न शिकलेल्या विषयासाठी कुठलीही सवलत नाही.