सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प, जामखेड

सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प हा डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) व डॉ. मेबल आरोळे (१९३५–१९९९) या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेड येथे सुरू केलेला प्रकल्प आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड हा दुष्काळप्रवण तालुका धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्याला लागून आहे.

भूमिका

वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना दोघांनी खेड्यातील गरिबांच्या सेवेचा निश्चय केला. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची येशू ख्रिस्ताची आज्ञा त्यांनी औषधोपचारापुरती मर्यादित ठेवली नाही. दूषित पाणी, कुपोषण, अस्पृश्यता आणि स्त्रियांचे दुय्यम स्थान ही आजारांची मूळ कारणे दूर करणे, हाही त्यांच्या दृष्टीने सेवेचाच भाग होता.

कार्य

गावांतील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. त्यांपैकी अनेक जणी निरक्षर व दलित समाजातील होत्या. सुरक्षित बाळंतपण, बालसंगोपन आणि कुष्ठरोग्यांची काळजी ही कामे त्या करू लागल्या. हातपंपासाठी दलित वस्तीतील जागांना प्राधान्य देण्यात आले. त्यामुळे इतर जातींचे लोकही पाण्यासाठी तेथे येऊ लागले व विटाळाची प्रथा सैल झाली.

सन्मान

आरोळे दांपत्याला १९७९ साली रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रजनीकांत आरोळे यांना १९९० साली पद्मभूषण हा किताब देण्यात आला.