इलेक्ट्रिक ॲक्चुएटर : फिरतो कसा आणि थांबतो कसा?

घरातला नळ आपण दोन बोटांनी बंद करतो. पण शहराला पाणी नेणाऱ्या मोठ्या जलवाहिनीवरचा गेट व्हॉल्व्ह बंद करायचा असेल तर? चाक धरून पन्नास-साठ फेरे मारावे लागतात, घाम निघतो. हेच काम बटण दाबल्यावर करून देणारे यंत्र म्हणजे इलेक्ट्रिक ॲक्चुएटर. तो व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवलेला असतो. आता म्हणाल, मोटर लावली की झालं! नाही. फिरवणं सोपं आहे. नेमकं कुठे थांबायचं हे कळणं अवघड.

वेग कमी, जोर जास्त

समजा, आतली मोटर 0.75 किलोवॅटची आहे आणि मिनिटाला 1440 फेरे घेते. तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जेमतेम 5 न्यूटन-मीटर. एवढ्याने मोठा व्हॉल्व्ह हलणार नाही. म्हणून मध्ये वर्म गिअर असतो. वर्म म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा. त्याचा एक फेरा झाला की समोरचे चाक फक्त एक दात सरकते. चाकाला 60 दात असतील तर 1440 ÷ 60 = 24 फेरे. वेग साठपट घटला. जोर मात्र पुरता साठपट वाढत नाही, कारण घर्षणात बराच भाग जातो. कार्यक्षमता 40 टक्के धरली तर 5 × 60 × 0.4 = 120 न्यूटन-मीटर मिळतात.

आट्यांचा कोन लहान ठेवला की आणखी एक फायदा होतो. वर्म चाकाला फिरवतो, पण चाक वर्मला उलटे फिरवू शकत नाही. त्यामुळे वीज गेली तरी व्हॉल्व्ह आहे त्याच जागी राहतो. अशा वेळी क्लचचा दांडा ओढून हँडव्हीलने तो हाताने चालवता येतो.

थांबवणारे दोन पहारेकरी

1) लिमिट स्विच : हा फेरे मोजतो. ठरलेली जागा आली की मोटरचा पुरवठा तोडतो.

2) टॉर्क स्विच : हा जोर मोजतो. अनेक ॲक्चुएटरमध्ये वर्मला स्प्रिंगचा आधार असतो. व्हॉल्व्ह अडला की चाक फिरत नाही, मग वर्मच स्प्रिंग दाबत बाजूला सरकतो आणि स्विच पडतो.

दोन कशाला? पाचरीसारखी गेट असलेला व्हॉल्व्ह घट्ट बसायला हवा, नाहीतर पाणी झिरपते. म्हणून बंद करताना तो बहुधा टॉर्क स्विचवर थांबवतात आणि उघडताना लिमिट स्विचवर. मधेच दगड अडकला तर? जागा आलेली नाही, त्यामुळे लिमिट स्विच गप्प बसेल. तिथे टॉर्क स्विचच दांडा वाकण्यापासून वाचवतो. बॉल आणि बटरफ्लाय व्हॉल्व्हना फक्त 90 अंश फिरायचे असते. तिथे मुख्य काम लिमिट स्विचचे.

इतका हळू का?

वरच्या उदाहरणात व्हॉल्व्हला 50 फेरे लागत असतील तर वेळ 50 ÷ 24, म्हणजे दोन मिनिटांहून थोडा जास्त. हा आळस नव्हे. सेकंदाला 1 मीटर वेगाने वाहणारे पाणी पोलादी पाइपात एकदम अडवले तर दाब सुमारे 10 बारने उसळतो. हा दाब 100 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा झाला! यालाच जलाघात म्हणतात. यात पाइप फुटू शकतो, सांधे निखळू शकतात. म्हणून लांब वाहिनीवर ॲक्चुएटर निवडताना जोराइतकाच बंद होण्याचा वेळही तपासावा लागतो.

एक गोष्ट विसरू नका

ॲक्चुएटर दूरच्या नियंत्रण कक्षातूनही चालतो. तुम्ही कव्हर उघडून बसलेले असाल आणि तिकडून कोणी बटण दाबलं तर? केवळ निवड स्विच 'लोकल'वर ठेवून भागत नाही. मुख्य पुरवठा बंद करा, कुलूप लावा, पाटी अडकवा, वीज नसल्याची खात्री करा आणि मगच हात घाला.

स्वाध्याय : टॉर्क स्विच बिघडला आणि बंद होताना गेटखाली लाकूड अडकलं, तर क्रमाने काय काय होईल? वहीत लिहा.