पॅडल नक्की कोण मारतं?

लेग-डेच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजचा जिना उतरताना काय हाल होतात, हे जिमवाल्यांना सांगायला नको. पण पाय दुखेपर्यंत व्यायाम करता येणं, हेही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. सेरेब्रल पाल्सी, म्हणजेच सीपी असलेल्या अनेक मुलांची अडचण तीच आहे.

सीपीमध्ये जन्माआधी, जन्मताना किंवा अगदी लहानपणी मेंदूला इजा झालेली असते. ती इजा वाढत नाही, पण मेंदूकडून स्नायूंना जाणारे आदेश गडबडतात. पाय ताठरतात, भलत्याच वेळी आखडतात आणि वापर कमी झाला की आणखी अशक्त होतात.

इथे कामाला येते ‘एफईएस’, म्हणजे फंक्शनल इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशनवाली सायकल. सायकल जागेवरच उभी. मांड्यांवर चिकटवलेले इलेक्ट्रोड्स. पॅडल कोणत्या कोनात आहे, हे कंट्रोलर सतत बघतो आणि ज्या स्नायूने जोर लावायचा, त्यालाच त्या क्षणी छोटासा करंट देतो. म्हणजे पाय नुसती मोटर फिरवत नाही, मुलाचा स्वतःचा स्नायूही फिरवतो!

याच तंत्राची रेस 2016 मध्ये झुरिचच्या ‘सायबॅथलॉन’मध्ये झाली होती. तिथले खेळाडू मणक्याच्या दुखापतीमुळे पाय हलवू न शकणारे. अशा अनेकांना करंट जाणवतच नाही. सीपीच्या मुलांना मात्र तो सहसा चांगलाच जाणवतो. त्यामुळे करंट किती वाढवायचा, हे मुलाला विचारूनच ठरवावं लागतं. ते ‘बस्स’ म्हणालं की बस्स.

याचा उपयोग होतो का? ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या टीमने 21 मुलांवर 8 आठवड्यांची चाचणी घेतली. सायकलिंगच्या जोडीला प्रत्येकाने ठरवलेल्या ध्येयाचा सरावही होता. नेहमीचेच उपचार घेणाऱ्या मुलांपेक्षा या मुलांची हालचाल आणि बसल्या जागेवरून उठणं जास्त सुधारलं. अर्थात 21 हा आकडा लहान आहे, आणि श्रेय सायकलचं किती नि सरावाचं किती, हे यातून वेगळं काढता येत नाही.

म्हणून ‘सीपी बरी करणारं मशीन’ असा फॉरवर्ड आला, तर पुढे ढकलू नका. मेंदूची इजा ही सायकल भरून काढत नाही. ती व्यायामाची संधी देते. तुमच्यापैकी कुणी फिजिओथेरपी किंवा इन्स्ट्रुमेंटेशन शिकत असेल, तर असं मशीन कधीतरी हाताखाली येईलही. तेव्हा स्विच ऑन करण्याआधी समोरच्या मुलाला एवढंच विचारा, ‘तुला काय जमायला हवंय?’