मथळेवार सारांश



अमुक रोगावर नवा उपाय सांपडला, अशी बातमी वर्तमानपत्रांत आली, कीं घरोघरीं आशा पालवते. अशा बातमीचें मूळ बहुधा एखाद्या वैद्यकीय नियतकालिकांतील संशोधनलेखांत असतें. पण बातमी देणारा काय, किंवा खेड्यांत दवाखाना चालविणारा डॉक्टर काय, पुष्कळदा लेखाच्या आरंभींचा सारांशच वाचून थांबतो. आमच्या तळेगांव दाभाड्यांत १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथून शिकून बाहेर पडणाऱ्या तरुणालाहि प्रत्येक लेख समग्र वाचण्यास फुरसत कोठून मिळावी? तेव्हां त्या दोन-अडीचशें शब्दांवर रोग्याचे उपचार ठरण्याचा संभव असतो.

पूर्वीं हा सारांश एका सलग परिच्छेदांत असे. किती रोगी घेतले, तुलना कशाशीं केली, याचा उल्लेख त्यांत राहून गेला, तरी वाचकाला तें खटकत नसे. १९८७ सालीं तज्ज्ञांच्या एका मंडळानें 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्यें सूचना केली, कीं सारांशाचे ठरलेले भाग पाडून प्रत्येकावर मथळा द्यावा: उद्दिष्ट, रचना, स्थळ, रोगी, उपाय, मोजमाप, फल व निष्कर्ष. पुढें ही पद्धति थोड्याफार फरकानें बहुतेक मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांनीं स्वीकारली.

शाळेंत भूमिति शिकलेल्यांना यांत नवल वाटूं नये. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असे मथळे आपण लिहीतच होतों. 'पक्ष' लिहावाच लागे, म्हणून दिलेलें काय व आपण मनानें धरलेलें काय, हें लपवितां येत नसे. रिकामी जागा मास्तरांच्या तत्काळ दृष्टीस पडे. मथळेवार सारांशाचें मुख्य कार्य हेंच.

आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण घ्या. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग व त्यांचे सहकारी यांनीं नवजात अर्भकांची घरच्या घरीं शुश्रूषा करण्याचा जो प्रयोग केला, त्यावरील लेख १९९९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच्या सारांशास चार मथळे आहेत. 'पार्श्वभूमि' या मथळ्याखालीं अपेक्षा स्पष्ट नोंदविली आहे: तीन वर्षांत नवजातांचे मृत्यु निदान २५ टक्क्यांनीं घटावे. 'पद्धति' या मथळ्याखालीं कळतें, कीं ३९ खेड्यांत शुश्रूषा दिली, ४७ खेडीं तुलनेसाठीं ठेवलीं, आधीं दोन वर्षें केवळ मोजदाद केली, आणि जन्ममृत्यूंची नोंद शुश्रूषा करणाऱ्यांनीं नव्हे, तर दुसऱ्याच कार्यकर्त्यांनीं केली. 'फल' सांगतें, कीं शुश्रूषेच्या खेड्यांत हजार जिवंत जन्मांमागें ६२ असलेलें नवजात-मृत्यूंचें प्रमाण २५.५ वर आलें. तुलनेच्या खेड्यांशीं ताडून पाहतां ही घट ६२.२ टक्के, तर वर्षाच्या आंतील बालमृत्यूंची घट ४५.७ टक्के भरली. शेवटीं 'अर्थ': आमच्या या कुपोषित, निरक्षर ग्रामीण वस्तींत मृत्यु सुमारें निम्म्यानें घटले, असें लेखक म्हणतात, इतर देशांसंबंधींची आशा ते वेगळ्या वाक्यांत मांडतात. घडलेलें आणि घडावेंसें वाटणारें यांची सरमिसळ नाहीं. तीं ४७ खेडीं नसतीं, तर पीकपाणी बरें झालें म्हणून मुलें वांचलीं, असेंहि कोणी म्हटलें असतें. २०११ पासून घरीं जाऊन नवजातांची काळजी घेण्याचें काम भारत सरकारनें 'आशा' कार्यकर्त्यांवर सोंपविलें.

तथापि मथळे म्हणजे सत्याची हमी नव्हे. १९९९ सालींच अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकांत एक तपासणी प्रसिद्ध झाली. सहा नामांकित नियतकालिकांतील सारांश मूळ लेखांशीं ताडून पाहतां, मूळाशीं न जुळणारी किंवा मूळांत मुळींच नसलेली माहिती असलेले सारांश एका नियतकालिकांत १८ टक्के, तर दुसऱ्यांत ६८ टक्क्यांपर्यंत आढळले! मथळा रिकामी जागा दाखवितो. चुकीचा आंकडा पकडण्यास मूळ लेखच उघडावा लागतो.

म्हणून पुढील खेपेस नव्या औषधाची बातमी वाचाल, तेव्हां चार प्रश्न अवश्य विचारा: माणसें किती व कोणतीं? तुलना कशाशीं? मोजलें काय व कोणीं? आणि निष्कर्ष आंकड्यांच्या पुढें तर धांवत नाहीं ना? उत्तरें मिळेपर्यंत चालू असलेलें औषध आपल्या मनानें बंद करूं नये, एवढीच माझी विनंति आहे.