छत्राची घंटा आणि शेजारधर्म

तंजावरहून दक्षिणेस पट्टुकोट्टैकडे निघाले म्हणजे सुमारे २५ किलोमीटरवर ओरत्तनाडु हे गाव लागते. कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भातखाचरे आणि नारळीच्या बागा यांनी वेढलेल्या या मुलखात मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचे काही असेल, अशी कल्पना सहसा कोणी करणार नाही. तथापि याच गावी तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी १८०२ साली बांधलेले एक विस्तीर्ण छत्र आहे. मुक्तांबा ही राजाची प्रिय सहचारिणी. ती अल्पवयात निवर्तली. आपल्या नावाने वाटसरूंसाठी एक छत्र बांधावे, अशी इच्छा तिने अंतकाळी व्यक्त केली होती, असे परंपरा सांगते. तिकडचे लोक या वास्तूस ‘मुक्तांबाळ चत्तिरम्’ म्हणतात, आणि गावालाही तिच्या नावावरून मुक्तांबापुरम् असे दुसरे नाव मिळाले.

प्रियजनांची स्मारके जगात पुष्कळ आहेत. परंतु या स्मारकाचे प्रयोजन अनोळखी माणसाला जेवू घालणे व त्याची विचारपूस करणे हे होते. लहानशा निधीच्या आधाराने माणसे एकत्र आणण्याचा आणि एकट्या पडलेल्यांना समाजात सामावून घेण्याचा विचार आज देशोदेशी चालू आहे. त्या दृष्टीने ओरत्तनाडुच्या छत्राचा इतिहास पुन्हा पाहण्याजोगा आहे. त्यात अनुकरणीय पुष्कळ आहे, आणि सावध करणारेही काही आहे.

रामेश्वरच्या वाटेवर

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरास भोसल्यांचे राज्य स्थापिले. ते १८५५ पर्यंत टिकले. या घराण्यातील राजांनी रामेश्वरच्या मार्गावर ठिकठिकाणी छत्रे उभारली. त्यांपैकी पुष्कळांना राजस्त्रियांची नावे आहेत. नीडामंगलम् येथील यमुनांबेचे आणि मणमेलकुडी येथील द्रौपदांबेचे छत्र ही त्यांतील ठळक उदाहरणे होत.

काशी-रामेश्वराची यात्रा म्हणजे काय, हे मराठी घरांत निराळे सांगावयास नको. आज आगगाडीने दोन दिवसांत होणारा प्रवास त्या काळी महिनोन्‌महिने चाले. वाटेत भाषा बदले, अन्न बदले, पाणी बदले. यात्रेकरू आजारी पडला, तर त्याचे दुखणे समजून घेणारे कोणी जवळ नसे. वाटेत स्त्री प्रसूत झाली, किंवा आईबाप दगावून पोर मागे राहिले, तर त्यांचा वाली कोण? अशा एकाकी माणसांसाठी ही छत्रे होती.

त्यांचे काम कसे चाले, याचा एक विश्वसनीय पुरावा खुद्द सरफोजींच्याच शब्दांत उपलब्ध आहे. १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला व मानमरातब तेवढे राहिले. आता छत्रांचे काय होणार, या चिंतेने १८०१ साली सरफोजींनी कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना एक पत्र लिहिले आणि छत्रांची व्यवस्था आपल्याकडेच राहू द्यावी अशी विनंती केली. त्या पत्रात पूर्वजांच्या छत्रांचे जे वर्णन आहे, त्याच परंपरेत पुढील वर्षी ओरत्तनाडुचे छत्र बांधले गेले.

पत्रातील माहितीचा सारांश असा. येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही जातीचा वा पंथाचा असो, शिजविलेला भात मिळे. शिजविलेले अन्न ज्यांना चालत नसे, त्यांना शिधा मिळे. आजारी वाटसरूला औषध व पथ्याचे अन्न मिळे. सर्पविषावर उपाय जाणणारे वैद्यही छत्रात असत. बाळंतिणीला तीन महिने राहण्याची मुभा होती, तान्ह्या मुलांना दूध मिळे. पोरक्या मुलांना शिक्षकाच्या हाती सोपविण्यात येई. त्यांना तीन वेळा जेवण, कपडे व विद्या मिळे, आणि मोठेपणी त्यांच्या विवाहाचा खर्चही छत्र करी. कोणी तेथेच मरण पावला, तर त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार होत.

या सर्वांत एक गोष्ट विशेष लक्षात राहण्यासारखी आहे. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजे, आणि अद्याप जे उपाशी असतील त्यांनी यावे, अशी मोठ्याने द्वाही फिरविली जाई.

या घंटेमागील विचार खोल आहे. जो धीट आहे, ज्याची कोणाशी तरी ओळख आहे, तो आपण होऊन पंगतीला येतो. जो संकोची आहे, थकलेला आहे, ज्याला भाषा येत नाही, तो अंधारात कोठेतरी बसून राहतो. दार उघडे ठेवले म्हणजे यजमानाचे कर्तव्य संपले, असे छत्राच्या चालकांनी मानले नाही. न आलेल्याला हाक मारणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता.

दानाची भिंत होते तेव्हा

छत्रांच्या खर्चासाठी जमिनींचे व गावांचे उत्पन्न लावून दिलेले होते. त्यामुळे दात्याच्या लहरीवर अन्नदान अवलंबून राहिले नाही. मुक्तांबेच्या छत्रात विद्यादानाचीही सोय होती. तमिळ प्रदेशात मराठी राजाने चालविलेल्या या शाळेत अनेक भाषांचे शिक्षण दिले जाई.

परंतु निधी स्थिर असला म्हणजे त्याचा हेतूही स्थिर राहतोच असे नाही. राज्य गेल्यावर कालांतराने छत्रांचा कारभार तंजावर जिल्हा मंडळाकडे आला. छत्राच्या उत्पन्नावर ओरत्तनाडु व राजामडम् येथे विद्यार्थ्यांची वसतिगृहे चालत. मात्र त्यांत केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच प्रवेश मिळत असे. ज्या परंपरेत कोणत्याही जातीच्या वाटसरूसाठी भात शिजत होता, तिच्याच पैशावर चालणाऱ्या घराचे दार गावातील बहुसंख्य मुलांना बंद होते.

हे दार १९२० च्या दशकात उघडले. सर ए. टी. पन्नीरसेल्वम् हे १९२४ ते १९३० या काळात तंजावर जिल्हा मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी ही वसतिगृहे ब्राह्मणेतर आणि आदिद्राविड विद्यार्थ्यांना खुली केली. पन्नीरसेल्वम् १९४० साली विमान-अपघातात निधन पावले. त्यांच्या राजकीय कार्याची नोंद इतिहासात आहेच. पण खेड्यातून शिकावयास आलेल्या एखाद्या मुलाच्या दृष्टीने पाहिले, तर वसतिगृहात मिळालेली एक जागा आणि पंगतीतले एक पान यांची किंमत त्याहून कमी नव्हती.

निधी असतो, नियम असतात, हिशेबही चोख असतो, आणि तरीही ज्यांच्यासाठी तो निधी आहे ते बाहेरच राहतात, असे घडू शकते. माणसांना जोडण्यासाठी दिलेल्या पैशानेच माणसांमध्ये भिंत उभी राहू शकते. अनुदान लहान असो की मोठे, ते कोणापर्यंत पोहोचत नाही, हा प्रश्न वेळोवेळी विचारावाच लागतो.

आजचे एकाकी वाटसरू

आज रामेश्वरला पायी जाणारे थोडे. पण एकाकीपण मात्र घरोघरी आले आहे. मुले नोकरीसाठी शहरात वा परदेशी जातात, आणि मागे वृद्ध आईवडील उरतात. नव्या वसाहतीत राहावयास आलेल्या सुनेला शेजारणीचे नावही ठाऊक नसते. २०११ च्या जनगणनेत तमिळनाडूच्या लोकसंख्येत साठ वर्षांवरील माणसांचे प्रमाण १० टक्क्यांहून थोडे अधिक होते, आणि महाराष्ट्रात ते त्याच्या जवळपास होते.

हा केवळ मनाचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकास एकाकीपणा जाणवतो, आणि वर्षाकाठी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंचा संबंध त्याच्याशी जोडता येतो. ब्रिटनने २०१८ साली या विषयाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपविली. पुढे तेथे स्थानिक मंडळांना ३०० ते २,५०० पौंडांची लहान अनुदाने देण्याचा उपक्रमही झाला. मोठ्या संस्थेचा हात जेथे पोहोचत नाही, तेथे गल्लीतील मंडळ पोहोचते, हे त्यामागील सूत्र होते.

आपल्या देशाला हे सूत्र नवे नाही. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले, ते स्वयंसेवी संस्थांना साहाय्य देण्यासाठीच. त्याच्या पहिल्या अध्यक्षा दुर्गाबाई देशमुख या होत. आंध्रातील ही कर्तबगार स्त्री त्याच वर्षी चिंतामणराव देशमुखांशी विवाहबद्ध झाली होती. सरकारपाशी पैसा आहे व लोकांपाशी आपलेपणा आहे, या दोहोंची सांगड घालावी, हा त्या कार्याचा गाभा होता.

चटईभोवतीची सभा

आज खेड्यापाड्यांत ही सांगड बचत गटांच्या रूपाने दिसते. २०११ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने गटांना एक पंचसूत्री घालून दिली आहे. नियमित सभा, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब ही ती पाच सूत्रे. काही महिने ही सूत्रे पाळणाऱ्या गटाला फिरता निधी मिळे. त्याची रक्कम आरंभी दहा ते पंधरा हजार रुपये होती.

या निधीचा उद्देश दारिद्र्यनिवारण हा आहे, हे खरे. पण त्याची पहिली अट सभा ही आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. दहा-वीस स्त्रिया आठवड्यातून एकदा एका चटईवर बसतात, वहीत सही करतात, आणि बचतीचे पैसे मोजता मोजता कोणाच्या घरी काय चालले आहे हेही कळते. जी आली नाही तिची चौकशी होते. हजेरीच्या वहीतील रिकामी जागा हीच येथे घंटेचे काम करते. वृद्ध आणि अपंग व्यक्तींच्या गटांना या योजनेत सवलतही ठेवली आहे. असा गट अवघ्या पाच जणांचा चालतो, आणि त्यात पुरुषही असू शकतात. ज्यांना कोणी बोलावीत नाही, त्यांच्यासाठी नियमच थोडा वाकविला आहे.

तमिळनाडूत २०२२ साली सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांना सकाळची न्याहारी देण्याची योजना सुरू झाली, तेव्हा ती रांधण्याचे काम बचत गटांतील स्त्रियांकडे आले. गावातील मुलांसाठी गावातीलच स्त्रिया पहाटे चूल पेटवितात, ही गोष्ट छत्राच्या परंपरेला शोभणारीच आहे.

आपल्या गल्लीत

महाराष्ट्रातही ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्रे, महिला मंडळे व वाचनालये आहेत. त्यांना ग्रामपंचायतीकडून, नगरपालिकेकडून किंवा एखाद्या सद्‌गृहस्थाकडून थोडेफार साहाय्य मिळते. ते सार्थकी लागावे, यासाठी ओरत्तनाडुच्या इतिहासातून चार गोष्टी घेता येतील.

पहिली गोष्ट नियमितपणाची. वर्षातून एकदा मोठा समारंभ करून पैसे संपविण्यापेक्षा दर आठवड्यास ठरल्या वेळी दिवा लावून सतरंजी टाकणे हितावह. आज तेथे कोणीतरी असेल, हा भरवसाच एकट्या माणसाला घराबाहेर काढतो.

दुसरी गोष्ट हिशेबाची. चहा, सतरंजी, वर्तमानपत्र, खोलीचे भाडे असा लहानसा जमाखर्च सर्वांसमोर वाचून दाखवावा. त्याने विश्वास वाढतो, आणि आलेला प्रत्येक जण पाहुणा न राहता भागीदार होतो.

तिसरी गोष्ट कामाची. एकट्या माणसाला केवळ श्रोता म्हणून बसवू नये. निवृत्त शिक्षकाने मुलांचा अभ्यास घ्यावा, आजींनी मसाल्याचे प्रमाण सांगावे, परप्रांतातून आलेल्या शेजाऱ्याने आपल्या भाषेतील चार शब्द शिकवावेत. आपली कोणाला तरी गरज आहे, हे कळल्यावर माणसाला उभारी येते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत स्वस्त. मंडळाच्या प्रत्येक बैठकीत एक प्रश्न अवश्य विचारावा : आपल्या आळीतील कोण येथे आलेले नाही? यादी करावी. त्यात बिऱ्हाडकरू आहेत काय, अन्य जातिधर्मांची घरे आहेत काय, चाकाच्या खुर्चीवरचा कोणी आहे काय, दुपारी कामावर असणाऱ्या मोलकरणी आहेत काय, हे पाहावे. मग वेळ बदलावयाची, की पायरीच्या जागी उतार करावयाचा, की कोणाला हाताला धरून आणावयाचे, ते ठरवावे. बहुधा या कामी पैसे थोडेच लागतात. मात्र कोणीतरी उठून दार ठोठवावे लागते.

आपल्यापाशी छत्राला लावून देण्यासारखी गावे नाहीत, राजाचा खजिनाही नाही. पण एक खोली, एक वही आणि थोडासा निधी बहुतेक आळ्यांना जमविता येईल. तेवढ्याने सुरुवात करावी. आणि सर्वांचा चहा झाला, गप्पा आटोपल्या, सतरंजी गुंडाळण्याची वेळ आली, म्हणजे अद्याप जे बाहेर राहिले असतील त्यांना एकदा हाक मारून पाहावी.