शब्दांची अर्धी लाखोली

बेलाची किंवा दूर्वांची लाखोली वाहण्याचा संकल्प सोडला, म्हणजे घरातील वडीलधारी बाई प्रथम हिशेब करते, की रोज किती पाने मोजली असता लाख केव्हा पुरे होतील. अमेरिकेतील सॅन फ्रॅन्सिस्कोच्या परिसरात 1999 साली ख्रिस बेटी आणि त्याचे स्नेही मिळून एकवीस जणांनी असाच एक संकल्प सोडला. महिन्याभरात 50,000 शब्दांची कादंबरी लिहून काढावयाची. बरी-वाईट कशी का होईना, पण पुरी करावयाची. पहिल्या वर्षी हा महिना जुलै होता, दुसऱ्या वर्षापासून नोव्हेंबर झाला. 'नॅनोरायमो' या नावाने तो पुढे जगभर पसरला. चालविणाऱ्या संस्थेने 2025 साली आपला कारभार आटोपता घेतल्याचे जाहीर केले; परंतु संकल्पाला संस्था लागतेच असे नाही. शब्दांची ही अर्धी लाखोलीच म्हणावयाची. (लाखोली शिव्यांचीही असते, आणि तिसऱ्या आठवड्यात लेखकाला घरच्यांकडून तिचा प्रसाद मिळत असावा, पण ते असो.)

रोजचा वाटा पडतो 1,667 शब्दांचा. हा आकडा इंग्रजीच्या मापाचा आहे हे आपल्या लोकांनी आधी ध्यानात घ्यावे. मराठीत विभक्ती आणि अव्यये शब्दालाच चिकटतात. 'घरातल्यांनासुद्धा' हा आपला एक शब्द इंग्रजीत मांडावयाचा तर पाच-सहा शब्द खर्ची पडतात. तेव्हा मराठीत 50,000 शब्द लिहिणारा त्या लोकांपेक्षा पुष्कळच अधिक लिहीत असतो.

खरी अडचण मात्र महिन्याची आहे. बाहेर हवा वाईट असते, माणसे घरात बसतात, म्हणून त्यांनी नोव्हेंबर निवडला. आपल्या माळव्यात ज्यांची अजून चार-सहा बिघे जमीन आहे, त्यांच्या गावी तोच महिना कसा जातो ते पाहा. सोयाबीन नुकतेच निघून मंडीत गेलेले असते, रान तयार करून हरभरा आणि गहू पेरावयाचा असतो, आणि जमिनीतील ओल कोणाच्या प्रकरणासाठी थांबत नाही. त्यातच दिवाळी आणि भाऊबीज येते. तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू होतात. पेरणीनंतर तीनेक आठवड्यांनी गव्हाला पहिले पाणी द्यावे लागते. ते चुकले तर फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. शरद ऋतूच्या चांदण्यावर लिहिणाऱ्यांनी हे रान डोळ्यांपुढे ठेवलेले बरे.

पण काम आहे म्हणून लिहिणे होत नाही, हेही खरे नव्हे. विल्यम फॉकनर 1929 च्या शरदात मिसिसिपीतील ऑक्सफर्ड या लहानशा गावी विद्यापीठाच्या वीजघरात रात्रपाळीला होता. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचे लग्न झाले होते आणि पैशांची ओढ होती. रात्र पडली, लोक निजले, म्हणजे विजेची मागणी उतरे. मग ढकलगाडी उलटी घालून तिचेच मेज करावयाचे आणि पहाटेपर्यंत लिहावयाचे, असे त्याने पुढे सांगितले. 25 ऑक्टोबरला आरंभलेले 'ॲज आय ले डाइंग'चे हस्तलिखित त्याने 11 डिसेंबरला संपविले. एकही शब्द बदलला नाही, ही मात्र त्याची बढाई. हस्तलिखितात खाडाखोड आहे. गंमत अशी, की आमच्या शेतकऱ्यालाही पंपाची वीज पुष्कळदा लोक निजल्यावरच मिळते. दारे धरून बसलेल्या माणसाला एक वाफा भरून दुसऱ्याकडे पाणी वळवीपर्यंत थोडी फुरसत असते. हात चिखलाचे असतात खरे, पण पुढच्या प्रकरणाची जुळणी मनात करावयास हात लागत नाहीत.

त्या कादंबरीत खेड्यातील एक कुटुंब आईची शवपेटी गाडीत घालून, पूर आलेली नदी ओलांडून तिच्या माहेरच्या गावाकडे नेते. एकोणसाठ प्रकरणे आहेत, आणि जिच्यासाठी हा सारा प्रवास, त्या आईच्या तोंडी त्यातले एकच आहे. हे प्रमाण मला फार खेड्यातले वाटते.

गवयांत 'चिल्ला' म्हणून एक प्रकार आहे. चाळीस दिवस बाहेरचे सारे सोडून खोलीत रियाज करावयाचा. ज्याने चिल्ला केला त्याचे नाव होते. दोन्ही वेळा ताट कोणी नेऊन ठेवले, हे घराण्याच्या इतिहासात कोठेच येत नाही. कादंबरीच्या महिन्याचे हेच आहे. पुरुषाने नोव्हेंबर लिहिण्यात घालविला, तर हरभरा पेरावयास मजूर मिळतो, पण धारा, चूल आणि दिवाळीचे फराळाचे डबे बायकोच्या वाट्याला येतात. बाईनेच लिहावयाचे ठरविले तर? बहिणाबाई चौधरींनी शेतात आणि जात्यावर गाणी रचली. त्या लिहू जाणत नव्हत्या. मुलाने आणि नात्यातल्यांनी ती उतरून घेतली, आणि 1951 साली त्या गेल्यावर पुढल्या वर्षी ती पुस्तकरूपाने निघाली. गाणे असे कामाच्या लयीत बसते. कादंबरीला मात्र बैठक लागते, आणि बैठक म्हणजे कोणीतरी मोकळे करून दिलेले दोन तास.

म्हणून गावाकडच्या लेखकाने, आणि लेखिकेने तर अवश्य, अमेरिकेचा महिना घेऊ नये. भालचंद्र नेमाडे यांनी 'कोसला' पंचविशीत, खानदेशातील आपल्या सांगवी गावी बसून, काही आठवड्यांतच लिहिली; त्यांनी नोव्हेंबराची वाट पाहिली नव्हती. आपल्याकडे दत्तजयंतीपासून पौष वद्य दशमीच्या सुमारापर्यंत चाळीस दिवस होतात. पेरणी उरकलेली असते, कापणीला अवकाश असतो आणि पौषात लग्ने नसल्याने पाहुणे बेताचेच. चाळीस दिवसांना 50,000 म्हणजे रोज 1,250 शब्द, आणि संक्रांतीचे दोन दिवस सोडले तर 1,316. पहाटेची धार तेवढे दिवस घरातल्या दुसऱ्या कोणीतरी काढावी, आणि ती कोणी काढावयाची हे दत्तजयंतीच्या आधीच ठरवावे.