रंगीत भाजीपाला, परसबागेतील

नेहमीच्या रंगाहून वेगळ्या रंगाची फळे, शेंगा, पाने वा कंदमुळे देणारे भाज्यांचे वाण घराच्या आवारात लावून त्यांचे बी राखण्याची पद्धत. पांढरी व हिरवी वांगी, लाल भेंडी, जांभळ्या शेंगांचा वाल, लाल देठाची अंबाडी, काळे गाजर व नारिंगी फुलकोबी ही अशा वाणांची उदाहरणे होत. यांतील पुष्कळ रंग जुने आहेत. गाजर मध्य आशियात लागवडीस आले तेव्हा ते जांभळे व पिवळे होते. नारिंगी गाजर सतराव्या शतकात नेदर्लंड्समध्ये रूढ झाले. बाजारात एकाच रंगाचा व आकाराचा माल सहज विकला जातो, म्हणून विक्रीच्या शेतीत थोडेच वाण उरतात. घरापुरते पिकविणाऱ्यावर हे बंधन नसते. त्यामुळे वेगळ्या रंगांच्या वाणांचा मुख्य आश्रय परसबाग हाच राहिला आहे.

रंगद्रव्ये : भाज्यांचे रंग प्रामुख्याने चार प्रकारच्या द्रव्यांमुळे येतात. हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो. पिवळा, नारिंगी आणि टोमॅटोचा लाल रंग कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे येतो. टोमॅटोतील लाल द्रव्यास लायकोपीन म्हणतात. वांगे, काळे गाजर, जांभळा वाल व लाल भेंडी यांचा रंग अँथोसायनिनांचा असतो. लाल माठ व बीट यांत बीटालेन नावाची निराळी द्रव्ये असतात. या भाज्यांच्या लाल रंगाचा लोहाशी वा रक्ताशी संबंध नाही. माठात लोह असते, परंतु ते हिरव्या माठातही असते.

रंग व हवामान : भाजीचा दिसणारा रंग आनुवंशिक गुण आणि परिस्थिती या दोहोंवर अवलंबून असतो. त्यांतील भेद न ओळखल्यास बी निवडताना चूक होते. वाशिम जिल्ह्यातील कामरगाव (ता. कारंजा) येथील परसबागेचे उदाहरण या दृष्टीने उपयुक्त आहे. हा भाग वऱ्हाडच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात मोडतो. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि मे महिन्यात तापमान ४०° से. च्या वर जाते. टोमॅटोत लायकोपीन तयार होण्यास सु. २० ते २५° से. तापमान अनुकूल असते, ३०° से. च्या पुढे ही क्रिया मंदावत जाते, मात्र पिवळे कॅरोटीन बनत राहते. त्यामुळे जानेवारीत तांबडीलाल फळे देणारे झाडच एप्रिलमध्ये पिवळट नारिंगी फळे देते. हा नवा वाण नव्हे आणि बियाण्यातील भेसळही नव्हे. अशा फळाच्या बियांपासून थंडीत पुन्हा लाल फळेच येतात.

अँथोसायनिनांवरही उष्णतेचा परिणाम होतो व जांभळे रंग फिके पडतात. अनेक वाणांत या द्रव्याला उजेड लागतो; जांभळ्या वांग्याच्या टोपीखालचा भाग बहुधा पांढरट राहतो, त्याचे कारण हेच. दाट सावलीतील फळे म्हणूनच नीट रंगत नाहीत. उघड्यावर राहिलेल्या बटाट्याचा हिरवेपणाही वाणाचा रंग नव्हे. तो प्रकाशामुळे येतो व त्याबरोबर सोलॅनीन हे विषारी द्रव्य वाढते. असे बटाटे खाऊ नयेत.

लागवड : वरील कारणांमुळे अशा हवामानात रंगासाठी लावावयाच्या बहुतेक भाज्या हिवाळ्यात तयार होतील अशा बेताने पेरतात. लाल माठ, भेंडी व अंबाडी पावसाच्या प्रारंभी पेरतात. वालही त्याच सुमारास लावतात. त्याला शेंगा मात्र थंडीत धरतात. गाजर व मुळा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरतात. टोमॅटो व फुलकोबीची रोपे आधी वाफ्यात तयार करून मग लावतात.

काळी जमीन ओलावा चांगला धरते, परंतु पावसात तिच्यात पाणी साचते व सुकल्यावर तिला भेगा पडतात. अशा जमिनीत गाजर व मुळ्याला फाटे फुटतात. त्यासाठी वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळून उंच गादीवाफे करतात. ताजे शेणखत घातल्यासही मुळे फाटतात. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, म्हणून न्हाणीचे सांडपाणी परसात वळवितात; मात्र साबणाचे पाणी पालेभाज्यांना व कच्च्या खावयाच्या मुळ्यांना देत नाहीत.

बी राखणे : रंगीत वाण नष्ट होतो तो बहुधा कीड वा दुष्काळाने नव्हे, तर शेजारच्या वाणाशी संकर झाल्याने किंवा एखाद्या वर्षी बी न धरल्याने. टोमॅटो व वाल यांत मुख्यतः स्वपरागण होते, त्यामुळे त्यांचे वाण राखणे सोपे असते. वांगी व भेंडी यांत कीटकांमुळे काही प्रमाणात परपरागण होते. भेंडीचे फूल सकाळी उमलते व एकच दिवस टिकते. आदल्या संध्याकाळी कळीचे टोक दोऱ्याने हलके बांधल्यास परका पराग आत जात नाही. वांग्याच्या कळ्यांवर मलमलीची पिशवी बांधतात. अशा फळांना खूण करून ती बियांसाठी झाडावरच ठेवतात. वांगे पिवळे वा तपकिरी होईपर्यंत आणि भेंडी वाळेपर्यंत तोडत नाहीत.

मुळा व गाजर यांत कीटकांमुळे, तर माठात वाऱ्यामुळे परपरागण होते. गावातील परसात त्यांचे दोन वाण पुरेसे दूर ठेवता येत नाहीत. म्हणून एका हंगामात एकच वाण फुलू देतात, शेजाऱ्यांशी तसे ठरवून घेतात व वेगळ्या रंगाची झाडे फुलण्यापूर्वीच उपटतात. बी एकाच झाडाचे न धरता अनेक झाडांचे एकत्र करतात, अन्यथा वाण पुढे दुबळा होतो. संकरित बियाण्याच्या पिकाचे बी पुन्हा पेरल्यास रंग विभागून निरनिराळी झाडे येतात. बी धरावयाचे असल्यास सरळ वाण घ्यावा लागतो. पाकिटातील बियांचा गुलाबी वा निळा रंग औषधाच्या लेपाचा असतो. तो वाणाचा गुण नसून असे बी खाण्यास घातक असते.

सुधारित वाण : १९७० मध्ये कॅनडातील एका शेतात पांढऱ्या फुलकोबीत एक नारिंगी झाड आढळले. उत्परिवर्तनाने निर्माण झालेला त्याचा जनुक पुढे प्रजननात वापरला गेला. त्याच जनुकाच्या आधारे नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा बीटा केसरी-१ हा वाण तयार केला. त्याच्या १०० ग्रॅ. गड्ड्यात सु. ०·८ ते १ मिग्रॅ. बीटा कॅरोटीन असते. काळ्या गाजराचा पुसा आसिता हा वाण याच संस्थेचा आहे. वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने काशी लालिमा ही लाल भेंडी, तर तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने भू सोना (नारिंगी) व भू कृष्णा (जांभळे) ही रताळी विकसित केली आहेत. भू सोनाच्या १०० ग्रॅ. गरात सु. १४ मिग्रॅ. बीटा कॅरोटीन असते.

उपयोग : बीटा कॅरोटिनापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते. ते तेलातुपाबरोबर चांगले शोषले जाते आणि शिजविल्यावरही बरेचसे टिकते. अँथोसायनिने पाण्यात उतरतात. त्यामुळे जांभळा वाल व लाल भेंडी शिजल्यावर हिरवट दिसतात. चिंच, आमसूल वा लिंबू यांच्या आंबटपणाने तांबडी छटा काहीशी राहते. लाल अंबाडीच्या बोंडांचे सरबत व काळ्या गाजराची कांजी यांत रंग टिकतो, तोही आंबटपणामुळेच.

महत्त्व : वनस्पतिवाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये शेतकऱ्यास आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा व नाममुद्रेविना विकण्याचा हक्क आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कोंभाळणे (ता. अकोले) येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बीजबँक उभी केली, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या संग्रहात वालाचे अनेक प्रकार आहेत. बहुतेक भाज्यांचे बी साध्या साठवणीत काही वर्षांतच उगवणशक्ती गमावते. म्हणून वाण टिकण्यासाठी तो थोड्या थोड्या वर्षांनी पेरावा लागतो व एकाहून अधिक घरांत असावा लागतो. एखादा वाण एकाच परसात उरला असेल, तर तेथील एका हंगामाची हयगयही त्याच्या नाशास पुरेशी ठरते.